अठरा वर्षें भरलेल्या पोरक्या मुलांचा प्रश्न

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें झालेलें भाषण)

आज आम्ही जो विषय आपणांपुढें मांडणार आहों, तो ऐकून पुष्कळांना वाटेल कीं, हा कांहीं आपल्या घरचा विषय नव्हे. ऊस, कांदा, कर्ज, पाणी आणि पोरांच्या नोकऱ्या हे प्रश्न सोडून बालगृहांतल्या मुलांचें गाऱ्हाणें आमच्यापुढें कशाला, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर आधीं देतों. बालगृहांत वाढणारीं मुलें आभाळांतून पडलेलीं नाहींत. कोणाचा बाप कर्जापायीं जिवाला मुकला, कोणाची आई बाळंतपणांत दगावली, कोणाचें घर दारूनें मोडलें, कोणाला दुसऱ्या लग्नाच्या घरांत जागा उरली नाहीं. चौकशी केलीत तर त्यांत आपल्याच कुळवाड्यांचीं, आपल्याच सुतार-कुंभारांचीं, आपल्याच मजुरांचीं मुलें सांपडतील. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आतां मुद्द्याची गोष्ट. बालगृह असो वा दुसरी संस्था असो, कायद्याप्रमाणें वयाचीं अठरा वर्षें पुरीं झालीं कीं मूल हें मूल राहत नाहीं. तेथील मुक्काम संपतो. आपल्या घरीं मुलगा अठरा वर्षांचा होतो तेव्हां काय होतें? कांहींच होत नाहीं. दुसरे दिवशीं तो त्याच अंथरुणावर उठतो, त्याच चुलीची भाकरी खातो. शहरांत कामाला गेला आणि काम सुटलें, तर एस. टी. धरून घरीं परत येतो. पहिला पगार त्यानें चैनींत उडविला, तर बाप चार शब्द बोलतो आणि आई गुपचूप ताट वाढते. असें चारदां पडत-उठत तो पंचविशीपर्यंत शहाणा होतो. म्हणजे आपल्या मुलांना शहाणें होण्यास सात-आठ वर्षांची सवड मिळते, आणि ज्यांना कोणी नाहीं त्यांनीं मात्र एका रात्रींत शहाणें व्हावें अशी आपली अपेक्षा असते! हा कोठला न्याय?

त्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या. बालगृहांत घंटा झाली कीं उठायचें, घंटा झाली कीं जेवायचें. कपडे संस्था आणते, दुखलें-खुपलें तर दवाखान्यांत संस्था नेते, कागदावर सही अधीक्षक करतो. यांत आम्ही तेथील माणसांची निंदा करीत नाहीं. पन्नास-शंभर मुलें सांभाळावयाचीं तर शिस्त लागतेच. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, मुलगा दहावी-बारावी पास होतो, पण त्यानें बाजारांत जाऊन किलोभर मीठ कधीं विकत आणलेलें नसतें. विजेचें बिल कसें भरावें, भाड्याच्या खोलीचा करार म्हणजे काय, ताप आला तर कोणाकडे जावें, पगारांतले किती पैसे मागें ठेवावे, हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. आपल्या पोरांना तरी हें कोणीं शाळेंत शिकविलें? तीं घरांत वावरतांना बघून बघून शिकलीं. ज्याला घर नाहीं त्यानें तें बघावें कोठें?

अशा मुलांविषयीं आपल्याकडे दोन तऱ्हेचे लोक बोलतात. पहिले म्हणतात, प्रारब्धाचे भोग, मागल्या जन्मींचें पाप, आपण काय करणार! हें तत्त्वज्ञान कोणाच्या सोयीचें आहे हें सत्यशोधकांना नव्यानें सांगावयास नको. अस्पृश्यता, विधवेचें केशवपन, रयतेचें दारिद्र्य, या सर्वांना याच प्रारब्धाची गोधडी पांघरली जात होती. दुसरे लोक प्रारब्ध म्हणत नाहींत. ते वाढदिवसाला बालगृहांत केळीं आणि बिस्किटें वाटतात, मुलांना रांगेत उभें करून फोटो काढतात आणि पुण्य पदरांत बांधून घरीं जातात. त्यांच्या मनांत वाईट नसतें हें आम्ही मान्य करतों. पण केळें वाटणाऱ्यांपैकीं किती जण त्या मुलाला पुढें खोली भाड्यानें देतील? "तुझे आईबाप कोण? जात काय? जामीन कोण राहील?" हे प्रश्न विचारून दार लावून घेणारे हेच नाहींत काय? लहान असेपर्यंत मूल बिचारें असतें, आणि मिसरूड फुटली कीं तेंच संशयित होतें!

बंधुभगिनींनो, आमच्या चळवळीनें हा प्रश्न पुष्कळ आधीं ओळखला होता. जोतीराव फुले तान्हे असतांनाच त्यांची आई वारली. सगुणाबाईंनीं त्यांना वाढविलें. त्याच जोतीरावांनीं व सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं तेथें यावें, निर्धास्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें अथवा ठेवावें, अशी ती सोय होती. अशाच एका विधवेच्या मुलाला उभयतांनीं दत्तक घेतलें, त्याचें नांव यशवंत ठेवलें. आमचे कीर्तनकार येथपर्यंत सांगून थांबतात. पण खरी गोष्ट पुढेंच आहे. जोतीरावांनीं यशवंताला केवळ जगविलें नाहीं, त्याला डॉक्टरीची विद्या देऊन स्वतःच्या पायांवर उभा केला. १८९७ च्या प्लेगांत त्यानें सावित्रीबाईंबरोबर पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्या सेवेंतच प्लेग होऊन सावित्रीबाई गेल्या. मूल जगविणें हें निम्में काम. तें दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल एवढें समर्थ करणें हें उरलेलें निम्में. फुले दांपत्यानें दोन्हीं केलीं.

पुढें कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. खेड्यांतला पोरगा हुशार असला तरी शहरांत राहणार कोठें आणि जेवणार कोणाच्या पंगतीला, ही त्याची खरी अडचण आहे, हें महाराजांनीं ओळखलें होतें. त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत अशीं निरनिराळ्या समाजांचीं बोर्डिंगें उभीं राहिलीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. दरबारनें मदत द्यावी आणि कारभाराची जबाबदारी त्या त्या समाजानें घ्यावी, अशी ती रीत होती. जातवार बोर्डिंगें कां, असा आक्षेप कोणी घेईल. ज्या काळीं एका ओळींत जेवणेंच पाप मानीत, त्या काळीं ती पहिली पायरी होती.

दुसरी पायरी कर्मवीर भाऊराव पाटील चढले. ते स्वतः कोल्हापुरांत बोर्डिंगांत राहून शिकलेले. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं सातारा येथें छत्रपति शाहू बोर्डिंग सुरू केलें. तेथें महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशीं सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ सालीं गांधीजींनीं त्या बोर्डिंगला भेट दिली. पैशाची चणचण तर नित्याची होती. एकदां मुलांच्या जेवणासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, गळ्यांतलें मंगळसूत्रसुद्धां, मोडलें. ही हकीकत आपण ऐकली असेल. ती ऐकून डोळे पुसण्यापलीकडे आपण काय करतों हा प्रश्न आहे.

पण आज आम्हांला त्या बोर्डिंगांतील दुसऱ्याच एका गोष्टीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. तेथें मुलांना आयतें ताट मिळत नव्हतें. दळण मुलांनीं दळायचें, पाणी मुलांनीं आणायचें, भाकऱ्या मुलांनीं थापायच्या, शेतांत मुलांनीं राबायचें. पैसा कमी होता हें त्याचें एक कारण. पण तें एकच कारण नव्हे. फुकट खाणाऱ्याची मान खालीं जाते, आणि स्वतःच्या कष्टाचें खाणाऱ्याची मान वर राहते, हें भाऊरावांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून स्वावलंबन हेंच त्यांनीं संस्थेचें ब्रीद केलें. त्या बोर्डिंगाच्या दारांतून बाहेर पडणारा मुलगा चूल पेटविणें, कुदळ धरणें आणि दुसऱ्या जातीच्या मुलाशीं भावासारखें वागणें शिकून बाहेर पडत असे.

आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, तरुणाला नुसतें छप्पर देऊन भागत नाहीं. त्या छपराखालचा कारभार त्याच्या हातांत दिला पाहिजे. जेथें छप्पर आहे पण कारभार दुसऱ्याचा आहे, तें अन्नछत्र झालें. अन्नछत्रांतून मिंधेपण निपजतें, माणूस निपजत नाहीं.

अशा घराची घडण कशी असावी? सरकारनें ती कागदावर मांडून ठेवली आहे, पण आपल्यापर्यंत ती पोंचलेली नाहीं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें संस्थेंतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला अठराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत पुढील सांभाळाची मदत देतां येते. याला अनुरक्षण म्हणतात. २०१६ च्या नियमांप्रमाणें विशेष अडचण असल्यास आणखी दोन वर्षें, म्हणजे तेविसाव्या वर्षापर्यंत, ही मदत वाढवितां येते. त्याच नियमांत सहा ते आठ तरुणांनीं मिळून तात्पुरतें एका घरांत राहण्याची सोय सांगितली आहे. धंदेशिक्षण चालू असतांना विद्यावेतन, सल्ल्यासाठीं एक समुपदेशक, आणि स्वतःचा धंदा काढणाऱ्यास कर्ज मिळवून देण्याची व्यवस्था, या गोष्टीहि आहेत. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधीं त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करावा असेंहि त्यांत आहे. २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेंत अशा तरुणासाठीं दरमहा ४,००० रुपयांच्या मदतीची तरतूद केली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं अनाथांसाठीं शिक्षणांत व नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण ठेवलें. मग अडलें कोठें? अडलें येथें कीं, कायदा कपाटांत आहे आणि मुलगा बसस्टँडवर आहे. या दोहोंची गांठ घालून देणारा माणूस गांवांत नाहीं.

आतां असें सहा-आठ जणांचें घर चालवावें कसें, तें आमच्या समजुतीप्रमाणें सांगतों. घराची किल्ली त्या तरुणांच्या हातीं असावी. आचारी नसावा, पाळीपाळीनें स्वयंपाक व्हावा. आठवडेबाजार त्यांनींच करावा. एका वहींत जमाखर्च लिहावा आणि दर रविवारीं सर्वांनीं मिळून तो वाचावा. समजा, एका मुलाला कामावर महिना दहा हजार रुपये मिळतात. भाड्याचा त्याचा वांटा एक हजार, जेवणाचा अडीच हजार, जाणें-येणें आणि फोन मिळून एक हजार, कपडालत्ता व औषधपाणी दीड हजार, आणि दोन हजार बँकेंत. हे आठ हजार झाले. उरलेले दोन हजार त्याच्या मर्जीचे. हा हिशेब त्यानें स्वतः मांडला पाहिजे, आणि एखाद्या महिन्यांत चुकला तर त्याला उपाशी न ठेवतां पुन्हां मांडावयास लावला पाहिजे. भाड्याचा वांटा पहिल्या तीन महिन्यांत घेऊं नये. पुढें थोडा थोडा वाढवीत न्यावा. मिरचीचें रोप वाफ्यांतून काढण्याआधीं शेतकरी चार दिवस पाणी तोडतो, म्हणजे तें रोप उन्हाला टिकतें. पण तो पहिल्याच दिवसापासून पाणी तोडीत नाहीं, आणि रोप लावल्यावर पाठहि फिरवीत नाहीं.

त्या घरावर एक वडीलधारें माणूस असावें, पुरुष असो वा बाई. तें माणूस पहारेकरी नसावें. रात्रीं दहाला कुलूप घालणें हें त्याचें काम नव्हे. मुलगा आजारी पडला, मालकानें मजुरी बुडविली, कोणाशीं भांडण झालें, तर पहिल्यानें ज्याच्याकडे जावें असें तें माणूस असावें. आणि मुलगा घर सोडून स्वतःच्या खोलीवर गेला तरी दिवाळीला, संक्रांतीला त्याला बोलावणें असावें. ज्याला सणाला जाण्यास घर नाहीं त्याला ऐन सणाच्या दिवशीं एकटेपण फार खातें.

येथें एक धोक्याची सूचना देणें आम्हांला अवश्य वाटतें. "कमवा आणि शिका" हा शब्द फार पवित्र आहे, पण लबाड माणसाच्या हातीं तो वेठबिगारीचा परवाना होतो. पोरक्या मुलाला घरीं ठेवून घ्यायचें, जनावरांचें शेण, शेतांतलें काम, दुकानांतलें झाडलोट त्याच्याकडून करून घ्यायचें, आणि "आम्ही याला आसरा दिला" असें गांवभर सांगायचें, हा प्रकार आम्हांला चालणार नाहीं. शिकाऊ मुलाला मजुरी मिळाली पाहिजे आणि ती त्याच्याच खात्यांत गेली पाहिजे. सुतारानें त्याला रंधा धरावयास शिकवावें, केवळ भुसा झाडावयास ठेवूं नये. आमचे पूर्वज पाटला-कुळकर्ण्यांच्या वाड्यांवर वेठीनें राबले. तोच वेठीचा जोड आपण दुसऱ्याच्या मानेवर ठेवूं लागलों तर आपल्याला सत्यशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार राहणार नाहीं.

आतां मुलींविषयीं. मुलगी अठरा वर्षांची झाली कीं तिचें लग्न लावून द्यावें म्हणजे जबाबदारी संपली, असें मोठमोठे लोक बोलतात. स्थळ चांगलें मिळालें आणि मुलीला तें मनापासून पसंत असलें तर कोणाची हरकत नाहीं. पण लग्न हा राहण्याच्या जागेचा तोडगा होऊं नये. जिला माहेर नाहीं, हातांत धंदा नाहीं आणि नांवावर बँकेचें पुस्तक नाहीं, ती सासरीं मार खाऊन जाणार कोठें? म्हणून मुलीलाहि आधीं कमाई, मग लग्न, असा क्रम असला पाहिजे. त्यांच्यासाठीं निराळें घर पाहिजे, आणि तेथेंहि किल्ली त्यांच्याच हातीं पाहिजे. सावित्रीबाईंचें नांव घेणाऱ्यांनीं यांत कां-कूं करूं नये.

कोणी म्हणेल, "आमचींच पोरें बेकार आहेत, दुसऱ्यांचीं कोठें बघूं?" बरोबर आहे. पण आपल्या पोरांना तरी हें शिक्षण आहे काय? बारावी झालेला मुलगा पुण्यास खोली करून राहतो आणि त्याला भात लावतां येत नाहीं. मुलगी पदवीधर होते आणि बँकेची स्लीप भरावयास भावाला विचारते. असें घर आपल्या तालुक्यांत निघालें तर आपलीं मुलें तेथें जाऊन जमाखर्च बघतील आणि त्यांनाहि लाभ होईल. दुसरा कोणी म्हणेल, "त्यांचें रक्त कोणतें, जात कोणती?" त्याला आम्ही उत्तर देणार नाहीं. दीडशें वर्षें ज्या चळवळीनें जन्मावरून माणसाची किंमत करूं नका म्हणून सांगितलें, तिच्या सभेंत बसून जो असें विचारतो, त्यानें हें भाषण पुन्हां पहिल्यापासून वाचावें.

आतां शेवटीं करावयाचें काय, तें सांगतों. पहिलें, आपल्या जिल्ह्यांत जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांची कचेरी असते. तेथें जाऊन विचारा कीं, या वर्षीं संस्थांतून अठरा वर्षांचीं होऊन किती मुलें-मुली बाहेर पडणार आहेत, आणि त्यांचे आराखडे झाले आहेत काय. हें विचारणें हा नागरिकाचा हक्क आहे. दुसरें, ज्याचें कोणाचें रिकामें घर किंवा खोली आहे त्यानें ती वाजवी भाड्यानें अशा सहा-आठ जणांना देण्याची तयारी ठेवावी, आणि गांवच्या चार प्रतिष्ठितांनीं त्यांना जामीन राहावें. तिसरें, सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, वायरमन, मोटारीचे कारागीर यांनीं प्रत्येकीं एक तरी मूल मजुरी देऊन शिकाऊ घ्यावें. चौथें, अशा मुलांचें आधार कार्ड, अनाथ असल्याचें प्रमाणपत्र, बँक खातें, मतदार यादींतील नांव हीं कामें अठरा वर्षें भरण्यापूर्वीं लावून द्यावीं. कागद नसला कीं हक्क असून नसल्यासारखा होतो. पांचवें, आपल्या पतपेढ्यांनीं व सोसायट्यांनीं धंदा काढणाऱ्या होतकरू मुलाला लहानसें कर्ज देतांना "बापाची सही आण" असें म्हणूं नये. ज्याला बाप नाहीं तो सही कोणाची आणील?

यांत फार मोठा पैसा लागत नाहीं. शाहू महाराजांपाशीं संस्थान होतें. भाऊरावांपाशीं नव्हतें, तरी त्यांचें काम अडलें नाहीं. खेड्यांतल्या गरीब माणसानें दिलेल्या धान्यावर आणि मुलांच्या कष्टांवर तें उभें राहिलें. आज आपल्यापाशीं कायदा आहे, योजना आहे, पक्कीं घरें आहेत आणि हातांत धंदे आहेत. कमी आहे ती एवढीच गोष्ट कीं, बालगृहाच्या दारापाशीं पिशवी घेऊन उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोराला "चल, खोली आहे, काम आहे, पण हिशेब तुझा तूंच ठेवायचा," असें म्हणणारा माणूस. येत्या वर्षीं आपल्या तालुक्यांतून असा एक तरी मुलगा आणि एक तरी मुलगी आपण उभी करूं, एवढा ठराव करून ही सभा उठावी, अशी आमची आपणां सर्वांस हात जोडून विनंति आहे.

सत्यमेव जयते.